प्रतिकारशक्तीला लगाम घालताना

करोनाच्या दुसऱ्या लाटेचा जोर राज्यात इतरत्र ओसरू लागला, तरी सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे तिच्या तावडीतून लवकर सुटले नाहीत. ऑगस्ट २०२१ च्या प्रारंभी राज्य सरकारने निर्बंध सैल केले, तेव्हा ज्या ११ जिल्ह्यांना ही सवलत मिळाली नाही, त्यांत या दोहोंचा समावेश होता. त्या वर्षी घराघरांत आणखी एका रोगाचे नाव धास्तीने घेतले जात होते. म्युकरमायकोसिस हे त्याचे शास्त्रीय नाव. लोकांनी त्याला ‘काळी बुरशी’ म्हटले. करोनातून बरा होऊन घरी परतलेला माणूस काही दिवसांनी गाल बधिर झाल्याची, डोळा सुजल्याची तक्रार करी आणि पाहता पाहता वरचा जबडा किंवा डोळाच काढून टाकण्याची पाळी त्याच्यावर येई. या रोगाची नोंद १८९७ च्या साथरोग कायद्याखाली सक्तीची करावी, असे केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये राज्यांना कळविले. २८ जून २०२१ पर्यंत देशात अशा ४०,८४५ रुग्णांची नोंद झाली होती.

ही बुरशी काही नव्याने जन्माला आलेली नव्हती. तिचे बीजाणू मातीत, कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात आणि हवेत पूर्वीपासूनच होते. निरोगी माणसाच्या श्वासाबरोबर ते आत जातात आणि शरीरातील पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. मग त्याच वर्षी असे काय बिघडले? सरकारने तेव्हा जाहीर केलेल्या आकड्यांतच या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. नोंद झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के करोना होऊन गेलेले, सुमारे ६४ टक्के मधुमेही आणि निम्म्याहून अधिक स्टेरॉइड घेतलेले होते. केवळ स्टेरॉइडमुळेच हा रोग झाला असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु ज्या औषधाने एकीकडे अनेकांचे प्राण वाचविले, त्याच औषधाने दुसरीकडे रक्तातील साखर वाढवून आणि शरीराचे पहारेकरी निष्प्रभ करून बुरशीला वाट मोकळी करून दिली, हे नाकारता येत नाही.

या औषधाची उपयुक्तता सिद्ध करणारा पुरावाही तितकाच भक्कम आहे. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष जून २०२० मध्ये जाहीर झाले. डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टेरॉइड दररोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिल्यास कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने आणि प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे सुमारे एक-पंचमांशाने घटतात, असे त्यात दिसून आले. मात्र ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना या औषधाचा काहीही लाभ झाला नाही. उलट अपाय होण्याची शक्यता दिसली. म्हणजे कोणाला द्यावे, किती द्यावे आणि केव्हा थांबवावे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पहिल्याच वर्षी हाती आलेली होती. तरीही पुढच्या वर्षी साध्या तापाच्या रुग्णालाही पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड देण्याचे, मात्रा दुप्पट-तिप्पट करण्याचे आणि साखर न तपासताच ते आठवडेच्या आठवडे चालू ठेवण्याचे प्रकार देशभर घडले. तेव्हा औषध वाईट नव्हते. वाईट होता तो ते वापरण्यातला निष्काळजीपणा.

करोनाची साथ गेली म्हणून हा विषय संपला, असे मात्र मानता येणार नाही. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे आज पूर्वीपेक्षा अधिक घरांत पोहोचली आहेत. आमवात, सोरायसिस, आतड्यांचे दीर्घकालीन विकार, तरुणांचा कणा ताठ करून टाकणारा अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस अशा रोगांत शरीराची प्रतिकारशक्ती परक्या जंतूंवर न जाता स्वतःच्याच सांध्यांवर, कातडीवर किंवा आतड्यांवर चाल करून जाते. तिला लगाम घातल्यावाचून रोग्याला सुख नाही. पण लगाम घातलेला घोडा जसा उधळत नाही, तसा तो शत्रूवर धावूनही जात नाही. या औषधांचा गुण आणि त्यांचा धोका एकाच मुळातून निघतात, ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावयास हवी.

वैद्यकाला हा धडा पाऊणशे वर्षांपूर्वीच मिळालेला आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला कॉर्टिसोनची पहिली सुई टोचली. काही दिवसांतच ती चालू-फिरू लागली. चमत्कार म्हणावा असाच हा प्रकार होता. १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन या तिघांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. परंतु ज्या रुग्णांना हे औषध मोठ्या मात्रेत दीर्घकाळ दिले गेले त्यांचे चेहरे सुजून गोल होऊ लागले, मन अस्थिर झाले, औषध थांबविताच दुखणे दुणावून परत आले. चमत्काराची किंमत मोजावी लागते, हे त्याच दशकात जगाला कळून चुकले होते.

आपल्या खेडोपाडी आणि बाजारपेठेच्या गावांत मात्र हे ज्ञान अद्याप पुरते पोहोचलेले नाही. गुडघे धरले, दम लागला, अंगावर पित्त उठले किंवा ऊसतोडीच्या हंगामात कंबर मोडून आली की दवाखान्यात जाऊन ‘एक सुई मारा’ म्हणावयाचे, ही आपली सवय आहे. गोळी म्हणजे दुबळा उपाय आणि सुई म्हणजे खरा उपाय, अशी एक समजूत आपल्या मनात घर करून बसली आहे. त्या सुईत पुष्कळदा स्टेरॉइड असते. दुखणे तासाभरात पळते, रुग्ण त्या डॉक्टरांच्या हाताला यश आहे असे सांगत सुटतो आणि पुढल्या महिन्यात पुन्हा त्याच दारी येतो. त्याच्या शरीरात आतल्या आत काय चालले आहे, हे कोणी त्याला सांगत नाही. साखर आणि रक्तदाब चढतात, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, जठरात व्रण होण्याचा धोका वाढतो. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून ऐन चाळिशीत खुबा बदलण्याची वेळ काहींवर येते. शिवाय बाहेरून स्टेरॉइड मिळू लागले की मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे काम सोडून देतात. दीर्घकाळ घेतलेले असे औषध एकाएकी थांबविले तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते. म्हणून ते सुरू करणे जसे डॉक्टरांच्या हाती असावे तसे थांबविणेही त्यांच्याच सल्ल्याने, पायरीपायरीने व्हावयास हवे. आमवाताच्या रुग्णाचे आणखी एक नुकसान होते. सुईने वेदना शमते, पण योग्य उपचाराअभावी सांध्याची झीज चालूच राहते. खरे निदान होईपर्यंत बोटे वाकडी झालेली असतात.

आमवातावरील मुख्य औषध मेथोट्रेक्सेट हेही गोळीच्या आणि सुईच्या अशा दोन्ही रूपांत मिळते. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोज एक गोळी घेण्याची सवय लागलेल्या आपल्या समाजात ही साधी अट विसरली जाते. ते चुकून रोज घेतले गेल्यामुळे तोंडात व्रण पडून, रक्तपेशी घटून रुग्ण दगावल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. यासाठी आठवड्याचा एक वार ठरवून तो कागदावर लिहून ठेवणे, डॉक्टरांनी दिलेले फॉलिक अ‍ॅसिड न चुकविणे, रक्त आणि यकृत यांची ठरलेल्या वेळी तपासणी करून घेणे आणि मद्यापासून दूर राहणे, इतके पथ्य पाळले तर हेच औषध अनेकांना वर्षानुवर्षे कामावर उभे ठेवते. गर्भवतीला मात्र ते सर्वथा वर्ज्य आहे.

गेल्या दोन दशकांत यापुढची पायरी आली आहे. अ‍ॅडॅलिम्युमॅब, इन्फ्लिक्सिमॅब यांसारखी जैविक औषधे प्रतिकारशक्तीच्या सगळ्या यंत्रणेवर घाव न घालता तिच्यातील टीएनएफ नावाच्या एका दूत-रेणूला अचूक पकडतात. इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून द्यावे लागते. अ‍ॅडॅलिम्युमॅबची सुई साधारणतः दर दोन आठवड्यांनी रुग्ण स्वतःच पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचून घेऊ शकतो. डिसेंबर २०१४ मध्ये अ‍ॅडॅलिम्युमॅबची भारतीय बनावटीची प्रतिकृती बाजारात आली. औषध अजूनही महाग असले, तरी पूर्वी केवळ महानगरांत ऐकू येणारे हे नाव आता जिल्ह्याच्या गावीही अपरिचित राहिलेले नाही. सकाळी वाकून बुटाची नाडी बांधता न येणारा तरुण या सुईने पुन्हा ताठ चालू लागतो. तिची थोरवी कोणीही कमी लेखू नये.

परंतु जो रेणू सांध्यांना जाळतो, तोच क्षयाच्या जंतूंना कोंडूनही ठेवतो, हे ध्यानात घ्यावयास हवे. लहानपणी केव्हातरी फुप्फुसात शिरलेले क्षयाचे जंतू बहुतेकांच्या शरीरात मरत नाहीत. पेशींचा वेढा त्यांच्याभोवती पडतो आणि ते त्या कोंडवाड्यात जन्मभर निपचित राहतात. टीएनएफ हा त्या वेढ्याचा आधार. तो काढून घेतला की भिंत खचते आणि झोपलेला रोग उठून बसतो. २००१ साली अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांतील ४० जणांचा क्षय फुप्फुसाबाहेर पसरलेला होता आणि बहुतेकांना तो पहिल्या तीन मात्रांच्या आतच झाला होता. क्षय तुलनेने विरळ असलेल्या देशांत जर ही स्थिती, तर जगातील सुमारे चौथा हिस्सा क्षयरुग्ण ज्या देशात आहेत त्या आपल्या देशात केवढी सावधगिरी हवी!

सातारा-सांगलीकरांना तर क्षयाची ओळख पिढ्यान् पिढ्यांची आहे. पाचगणीच्या थंड, कोरड्या हवेवर भिस्त ठेवून डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर आरोग्यधाम उभारले. मिरजेत ज्यांच्या मिशन हॉस्पिटलची सुरुवात १८९४ मध्ये झाली, त्या डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाचे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम सांगली-मिरज रस्त्यावर उभे राहिले आणि त्या परिसराला वानलेसवाडी हे नावच पडले. औषध नव्हते त्या काळात मोकळी हवा, सकस अन्न आणि विश्रांती यांच्या बळावर येथे शेकडो रोग्यांनी मृत्यूशी झुंज घेतली. आज हवापालटाची गरज उरली नाही, औषधे सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. पण जंतू गेलेला नाही. ज्या भूमीने या रोगाशी एवढी दीर्घ लढाई दिली, तिथेच नव्या औषधाच्या हाताने त्याला आतून दार उघडून द्यावे, हे शोभणारे नाही.

हे टाळण्याचा उपाय दुर्मीळही नाही आणि खर्चिकही नाही. पहिली सुई टोचण्यापूर्वी छातीचा एक्स-रे काढावा, मांटू चाचणी किंवा रक्तावरची इग्रा चाचणी करावी, आणि घरात, शेजारात किंवा नोकरीच्या ठिकाणी कोणाला क्षय झाला होता काय, हे रुग्णाला विचारावे. चाचणीत जंतूची चाहूल लागली पण रोग नसला, तर प्रतिबंधक औषध सुरू करावे आणि साधारण महिनाभराने जैविक औषधाला हात घालावा. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाने २०२१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, टीएनएफ-विरोधी औषध घेणाऱ्या रुग्णांचा प्रतिबंधक उपचारास पात्र असलेल्या गटांत स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे नवा कायदा नको, नवी योजनाही नको. खासगी तज्ज्ञाचा दवाखाना आणि सरकारी क्षयरोग केंद्र यांनी एकमेकांकडे पाठ न फिरविता एकमेकांना चिठ्ठी लिहावी, एवढेच हवे आहे.

क्षयाप्रमाणेच यकृतात दडून बसलेली हिपॅटायटिस-बीची कावीळही या औषधांनी जागी होऊ शकते. तिचीही रक्ततपासणी आधीच व्हावी. फ्ल्यू आणि न्यूमोनिया यांच्या लसी शक्यतो उपचारापूर्वी घ्याव्यात; जिवंत जंतूंच्या लसी उपचार चालू असताना घेऊ नयेत. यातला एक धोका फारच थोड्या घरांना ठाऊक असतो. आपल्याकडे बाळाला जन्मतःच बीसीजीची लस टोचतात. ही जिवंत जंतूंची लस आहे. आईने गरोदरपणी टीएनएफ-विरोधी सुई घेतली असेल, तर औषध नाळेतून बाळापर्यंत पोहोचलेले असू शकते. म्हणून प्रसूतीच्या वेळी ही गोष्ट बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घातली पाहिजे, म्हणजे लस काही महिने पुढे ढकलता येते. कुत्रा चावला तर रेबीजच्या लसीबरोबर प्रतिपिंडांचीही गरज लागू शकते. तेव्हाही चालू औषधाचे नाव सांगण्यास विसरू नये. विळ्याचा घाव, पायात मोडलेला काटा, दाढेचा गळू या एरवी अंगावर काढण्याच्या गोष्टी. अशा रुग्णाने त्या अंगावर काढू नयेत. लगाम घातलेल्या शरीरात तापही पुरता चढत नाही, त्यामुळे संसर्ग किती खोल गेला आहे याचा अंदाज घरच्यांना येत नाही. दोन-तीन आठवडे टिकलेला खोकला, रात्रीचा घाम, कारणावाचून घटलेले वजन यांतले काहीही दिसले तर पुढची सुई घेण्याआधी डॉक्टरांना गाठावे. एक शेवटची व्यावहारिक गोष्ट: ही सुई २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ती गोठली तर फेकून द्यावी लागते, आणि वीज तासन् तास गेली असता ती तशीच वापरावी की नाही, हे औषध देणाऱ्याला विचारूनच ठरवावे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. इतके सारे धोके सांगितले तर रुग्ण घाबरून औषधच सोडील, असे काही डॉक्टरांचे म्हणणे असते. ही भीती सर्वस्वी निराधार नाही. उपचार न घेतलेला आमवात माणसाला पंगू करतो, आणि भीतीपोटी योग्य औषध नाकारणे हाही एक अपघातच आहे. परंतु न सांगितलेला धोका जेव्हा प्रत्यक्षात उतरतो, तेव्हा रुग्णाचा केवळ त्या औषधावरचा नव्हे, तर साऱ्या वैद्यकावरचा विश्वास उडतो. दुसरा आक्षेप वेळेचा. बाह्यरुग्ण विभागात शंभर माणसे ताटकळत उभी असताना प्रत्येकाला एवढे समजावून सांगणार कोण? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर मौन हे नव्हे. जे डॉक्टरांना तोंडाने सांगण्यास सवड नाही, ते कागदाने सांगावे.

येथेच आपली खरी उणीव आहे. औषधाच्या डबीतील माहितीपत्रक इंग्रजीत असते, अक्षर मुंगीएवढे असते आणि भाषा तज्ज्ञांसाठी लिहिलेली असते. स्टेरॉइडे आणि ही अन्य औषधे चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम आहे, तरी जुनी चिठ्ठी दाखवून किंवा नुसते नाव सांगून ती मिळतात, हे उघड गुपित आहे. ज्याला सुई टोचली त्याला तिचे नावही ठाऊक नसते. ‘पांढरी सुई’, ‘दुखण्याची सुई’ एवढेच तो सांगू शकतो. उद्या तो बेशुद्ध स्थितीत दुसऱ्या रुग्णालयात दाखल झाला, तर तेथील डॉक्टरांनी कशाच्या आधारे निर्णय घ्यावा?

म्हणून काही मागण्या आग्रहाने मांडल्या पाहिजेत. दिलेल्या प्रत्येक सुईचे नाव, मात्रा आणि तारीख रुग्णाच्या कागदावर वाचता येईल अशा अक्षरांत लिहिली जावी. प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांवर असलेल्या रुग्णाजवळ एक मराठी कार्ड असावे. त्यात औषधाचे नाव, पुढची तारीख, टाळावयाच्या लसी आणि तातडीने दवाखाना गाठण्याची लक्षणे सोप्या शब्दांत असावीत. औषध विक्रेत्यांवर नियम बजावण्याचे काम अन्न व औषध प्रशासनाने कागदापुरते ठेवू नये. मिरजेला लोक अभिमानाने आरोग्याची पंढरी म्हणतात आणि कऱ्हाड, सातारा येथेही मोठी रुग्णालये आहेत. असे मराठी कार्ड तयार करण्यास लागणारे ज्ञान या पट्ट्यात विपुल आहे. उणीव असेल तर ती इच्छेची.

या कामात वाचकांचाही वाटा आहे. गावात कागद वाचून दाखविणारा माणूस अद्याप शिक्षक असतो. कचेरीत वैद्यकीय खर्चाची बिले तपासणारा कारकून औषधांची नावे रोज पाहत असतो. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात घेऊन जाणारा पुष्कळदा कॉलेजातला नातू असतो. या तिघांनी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: या सुईत काय आहे, ती किती दिवस घ्यावयाची आहे, आणि ती चालू असताना कशाची काळजी घ्यावयाची? प्रश्न नम्रतेने विचारावेत. चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नांचा राग येत नाही; ज्यांना येतो त्यांच्याकडे पुन्हा जावे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

२०२१ च्या त्या बुरशीने अनेकांचे डोळे नेले. त्यांतील कितीतरी डोळे एका वेळेवर केलेल्या साखरेच्या तपासणीने आणि मात्रेच्या मर्यादेने वाचू शकले असते. नवी औषधे यापुढेही येतच राहतील आणि ती अधिकाधिक प्रभावी असतील. पण सुईचे सामर्थ्य जसे वाढेल, तशी ती टोचण्यापूर्वी विचारावयाच्या प्रश्नांची आणि करावयाच्या तपासण्यांची शिस्तही वाढली पाहिजे.